मेजरांनी ऐकलेली गाडी

मी सांगली आगारात एसटी कंडक्टर आहे. सोळा वर्षं कवठे महांकाळच्या रूटवर उभी राहून काढली. दारात लोंबकळणाऱ्याला कॉलर धरून आत ओढलंय, आणि दोन सीट अडवून झोपलेल्या पुढाऱ्याला उठवून लेकुरवाळीला जागा दिलीय. माझ्या तोंडाला लागायचं नाही, हे त्या रूटवरच्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी गप्प बसले. एकदा नाही, सकाळपासून दुपार टळेपर्यंत.

माझं माहेर वाईच्या अलीकडं. गाव फौजींचं, घरटी एक तरी माणूस भरती झालेला. आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर, मग तो कुठल्या का हुद्द्यावरनं येईना. माझे वडील, आबा, हवालदार म्हणून पेन्शनीत आले. फौजेत ते गाड्या दुरुस्त करायचे. त्यामुळं बाकीचे मेजर नुसते मेजर, आणि आमचे आबा गाड्यांचे मेजर. गावात कुठल्याही गाडीनं वेडावाकडा आवाज काढला की ती गॅरेजला जायच्या आधी आबांच्या अंगणात येते. ट्रॅक्टर येतो, पिकअप येते, नव्या जावयाची कार येते. आबांना न दाखवता कुणी परस्पर वाईला नेली, तर चार दिवस गाव त्याला टोचून बोलतं.

आबांची रीत ठरलेली. आधी सगळ्यांना गप्प करायचं. इंजिन चालू ठेवायचं. मग हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एक जागा झाली की दुसरी, मग तिसरी. शेवटी एकच शब्द: "टॅपेट." नाहीतर "बेरिंग." बास. तो शब्द घेऊन माणूस गॅरेजला जातो आणि मिस्त्री तोच भाग खोलतो. आई गेल्यापासून आबा घरात एकटे असतात. दिवसाकाठी एखादी गाडी अंगणात आली की त्यांना बरं वाटतं, त्या दिवशी जेवतातही नीट. हे मला माहीत होतं, म्हणून पुढं सगळं अवघड झालं.

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझी लेक पाचगणीला बोर्डिंगात, सातवीत. शाळेला सुट्टी लागली होती आणि तिला आणायचं होतं. नवऱ्याला रजा नव्हती. आमची जुनी कार घेऊन मी पहाटे एकटीच सांगलीतनं निघाले. बेत असा, की गावातनं आबांना घ्यायचं, वर जायचं, लेकीला घेऊन उतरायचं आणि दिवाळी माहेरी करायची.

आष्टा ओलांडलं आणि उसाच्या ट्रॉलीमागं अडकले. ओव्हरटेक करायला जोर दिला तेव्हा आवाज पहिल्यांदा आला. बारीक, लांबट, कुणीतरी दातांत धरून शीळ घालावी तसा. पाय काढला की खाली यायचा, दिला की वर चढायचा. म्हटलं, ट्रॉलीचाच असेल. ट्रॉली मागं पडली, आवाज माझ्याबरोबर आला. कराडपर्यंत त्यात थोडी खरखर मिसळली. मी मिस्त्री नाही, पण इतकी वर्षं चालत्या गाडीत उभी राहून कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नाही एवढं पायाला आणि कानाला समजतं. हा नेहमीचा नव्हता. तरी मला धास्ती वाटली नाही. म्हटलं, घरी आबा आहेत.

अंगणात गाडी उभी केली आणि चहाच्या आधीच बॉनेट उघडलं. आबांनी विचारलं, कधी येतो, चढाला येतो का, गार असताना येतो का गरम झाल्यावर. मी सांगत गेले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. आवाज तर असा येत होता की शेजारची बाई भांडी घासायचं थांबून बघायला लागली.

"काय न्हाई," आबा म्हणाले. "बेल्ट कोरडा पडलाय. थंडी पडली की हुतंय."

एवढंच. माझ्या जिवाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आबा म्हणाले म्हणजे झालं. पण आबा स्क्रू-ड्रायव्हरसकट शेजारी बसले आणि गाडी गावाबाहेर पडली, तसा तो आवाज परत कानात घुसला, आणि मला राहवेना. पुढं पसरणीचा घाट होता. मी जपून म्हटलं, आबा, वाटेत वाईला मिस्त्रीला जरा दाखवून घेऊ का, नुसतं बेल्टवर काहीतरी मारून देईल. त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, दाखव की, माझं काय म्हणणं हाय. म्हणणं होतं, ते मानेवरनं दिसत होतं.

वाईचा मिस्त्री पन्नाशीचा आहे. उमेदवारीच्या काळात आबा सुट्टीवर आले की तो आमच्या अंगणात येऊन बसायचा. अजून आबांच्या पाया पडतो. त्यानं बॉनेट वर केलं, मला रेस द्यायला सांगितली, आणि मी काचेतनं त्याचं तोंड बघत होते. पहिल्या झटक्यालाच त्याची मान वाकडी झाली. हात इंजिनच्या उजव्या अंगाला गेला, जिथं बेल्टाचं झाकण आहे तिकडं. त्याला काहीतरी सापडलं होतं, माझी खात्री आहे.

तेवढ्यात आबा म्हणाले, बेल्ट कोरडा पडलाय रं, मी बघितलीय सकाळी.

मिस्त्रीचा हात तिथंच थांबला. त्यानं आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी बोलेन म्हणून तो थांबला होता, आणि तो बोलेल म्हणून मी. शेवटी त्यानं फडक्याला हात पुसले.

"मेजर म्हणत्यात म्हंजी तसंच आसंल," तो म्हणाला, आणि बॉनेट पाडलं.

एसटीत कुणी असं गुळमुळीत बोललं असतं तर मी त्याला तिथंच झापलं असतं. इथं मी मान डोलावली आणि गिअर टाकला.

घाट चढताना गाडी दुसऱ्यात होती आणि आवाज सारखा वरच्या पट्टीत. आबा लेहच्या बर्फाची हकिगत सांगत होते, पहाटे ट्रकखाली शेकोटी करून डिझेल पातळ करावं लागायचं ती. मी हं हं करत होते, पण निम्मे शब्द कानावर येत नव्हते. तिसऱ्या का चौथ्या वळणावर माझ्या डोक्यात आलं, की शब्द येत नाहीत कारण आबा मोठ्यानं बोलत नाहीत. गलका असला की माणूस आपसूक आवाज चढवतो. माझे प्रवासी चढवतात, मी चढवते. आबा आपले ओट्यावर बसल्यासारखे हळू बोलत होते. त्यांच्या लेखी गाडीत गलकाच नव्हता.

मी तो विचार झटकला. म्हटलं, काहीतरीच काय. आबांचे कान!

पाचगणीला शाळेच्या आवारात शिरलो तर पोरांना न्यायला आलेल्या आईबापांच्या माना वळल्या. वॉचमन फौजेतलाच निघाला, खटावकडचा. आबांनी पलटण विचारली, त्यानं सांगितली, दोघांनी सलाम केला. माझी लेक बॅग ओढत आली आणि गाडीजवळ येताच दोन्ही कानांवर हात ठेवले. मम्मी, काय झालंय गाडीला, म्हणाली. आबांनी तिचे हात बघितले आणि मला म्हणाले, बॉनेट उघड, परत एकदा बघतो.

मी स्टेअरिंगवर बसून राहिले. बॉनेट वर झालं आणि आबा त्याच्या आड गेले. मला ते दिसत नव्हते, त्यांना मी दिसत नव्हते. आजवर कधी असं झालं नव्हतं, आबा कायम माणसाच्या समोर उभं राहून गाडी बघायचे. मी रेस दिली. आवाज किंचाळत होता. वॉचमननं तोंड वाकडं केलं. आणि मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. पाय होता तिथंच ठेवला, रेस तशीच धरली, आणि मोठ्यानं विचारलं, "आबा, आता थांबला न्हवं आवाज?"

पलीकडनं आबा म्हणाले, "थांबला की. बघ, म्हणलं न्हवतं?"

मी इंजिन बंद केलं. मला सगळं एकदम उमगलं. माझं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, इंजिनची घरघर येत होती, जाड आवाज सगळे येत होते. बारीक तेवढे गेले होते. कधी गेले कोण जाणे. गावातल्या गाड्या ते कशा ओळखत होते तेही कळलं. कधी येतो, चढाला येतो का, असं एकेक विचारून घ्यायचे आणि माणसाच्या तोंडाकडं बघायचे. पन्नास वर्षांचा हात होता, निम्मं तर नुसत्या विचारण्यानंच समजत असणार. उरलं असेल ते गाव सांभाळून घेत होतं, मिस्त्रीनं घेतलं तसं.

आता काय करायचं? खाली उतरायला घाट होता आणि मागच्या सीटवर माझी लेक बसणार होती. आबांना चारचौघात सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. मी म्हटलं, आबा, गाडी इथंच राहू दे, एसटीनं उतरू, मला जरा गरगरतंय. त्यांनी बॉनेट पाडलं. वॉचमन शेजारी उभा.

"गरगरतंय का माझ्यावर भरवसा न्हाई?" ते म्हणाले. "मी बघितलीय न्हवं गाडी?"

मी लेकीला मागं बसवलं आणि गाडी काढली. इथं मी चुकले. दुसरं कुणी नाही, मी.

उतारावर गाडी दुसऱ्यात टाकून सोडली. इंजिन गाडीला धरून ठेवत होतं आणि आवाज पहिल्यासारखा शीळ राहिला नव्हता. आता त्यात पत्रा खरवडल्यागत किर्रर्र येत होतं, मध्येच तुटत होतं, परत येत होतं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली धोमचं पाणी. समोरनं टुरिस्टांच्या गाड्या वळणं कापत येत होत्या. मी वळणाची पाटी बघितली नाही, पाणी बघितलं नाही, नुसती पुढची वीस पावलं बघत होते. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरनं सरकला होता. हात घामानं चाकावरनं निसटत होते, ते मी एकेक करून साडीला पुसत होते. मनात एकच, हे वळण होऊ दे, मग बोलते. ते वळण झालं की पुढचं.

आबा म्हणाले, यंदा ढोबळी मिरची बरी आली आसंल वरच्या अंगाला.

"मम्मी," मागनं लेक म्हणाली, "मला भीती वाटतेय."

आबांनी वळून तिच्याकडं बघितलं. "कशाची गं बाळ?"

ते खरंच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती माया होती. आवाजानं माझे कान फुटायची वेळ आली होती, आणि माझा बाप हसऱ्या तोंडानं पोरीला विचारत होता, कशाची भीती.  पुढं रस्त्याच्या कडेला रसवंतीसाठी सपाट केलेली मोकळी जागा होती, तिथं गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकून बंद केली.

"आबा," मी म्हटलं, "तुमाला आवाज ऐकू येत न्हाई."

त्यांचा हात दाराच्या कडीकडं गेला. दोन गाड्या गेल्या.  मला वाटलं आता ते दार उघडून चालत सुटतील, घाट उतरून पायी घरी जातील. तसे ते हट्टी आहेत.

"लय मोठा हाय?" त्यांनी विचारलं.

"लय मोठा हाय, आबा."

ते उतरले. मी बॉनेट उघडलं. पण आता त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावलाच नाही. लेकीला हाक मारली, तिची वेणी तिच्याच हातानं ड्रेसच्या आत खोचायला लावली, ओढणी काढून माझ्याकडं दिली, आणि तिला एक पाऊल मागं उभं केलं. मला म्हणाले, थोडाच वेळ चालू कर, रेस देऊ नको. मूठ पोरीच्या कानाला, आणि दांडा मधोमध आबांच्या दोन्ही हातांत. टोक कुठं टेकवायचं ते आबा ठरवत होते.

"हितं काय येतंय?"

"नुसतं घुम्म."

"आता?"

"तसंच. थोडं टिकटिक."

"टिकटिक ऱ्हाऊ दे, ती आसती. आता?"

लेकीनं झटकन मान मागं घेतली. "आजोबा, इथं खडे भरडल्यासारखं होतंय. हातालाही लागतंय."

आबांनी दांड्यावरची आपली बोटं घट्ट केली आणि डोळे मिटले. त्यांना ते बोटांत लागत असणार. मग मला हातानं खूण केली, बंद. खाली वाकून त्यांनी झाकणाखाली बोट घातलं आणि वर काढून मला दाखवलं. कूलंटची गुलाबी ओल होती, कडेला वाळून पापुद्रा धरलेला.

"वाटर पंप," ते म्हणाले. "बेरिंग गेलंय, पाणी बी गळतंय."

मग त्यांनी सांगितलं, एकेक शब्द तोलून. ह्या गाडीत पंप टायमिंगच्या बेल्टवर फिरतो. पंप जाम झाला की बेल्ट तुटणार. बेल्ट तुटला की इंजिन जागच्या जागी मरणार. स्टेअरिंग जड होणार, आणि दोनदा ब्रेक दाबला की तिसऱ्यांदा पाय दगडावर पडल्यागत होणार. हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, पुढच्या वळणाकडं बघत होते. मीही बघितलं. कठडा होता, दोन ठिकाणी तुटलेला. माझी लेक बॉनेटच्या कडेला हात टेकून उभी होती, आणि तिच्या गालावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीचा काळा डाग पडला होता.

मी मिस्त्रीला फोन लावला. काय झालंय ते सांगितलं तर त्यानं एका शब्दानं विचारलं नाही की कसं कळलं. दोरखंड आणि पिकअप घेऊन तासाभरात आला. तोवर आम्ही तिघं सावलीला बसलो. लेकीनं शाळेतनं आणलेला बिस्किटांचा पुडा फोडला. आबांनी एक बिस्किट हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही.

मिस्त्रीनं येऊन नेहमीसारखं वाकून आबांच्या पायाला हात लावला. आबांनी पाय मागं घेतले. आमच्याकडं असं कुणी करत नाही. तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला.

"दोन वर्सं झाली," आबा म्हणाले. "बारीक आवाज मला येत न्हाईत. मी कुणाला बोललो न्हाई, ती चूक माझी. पर सकाळी तुला ऐकू आलं हुतं. व्हय का न्हाई?"

मिस्त्री खाली बघत म्हणाला, व्हय मेजर.

"मग बोलला का न्हाईस?"

 तो म्हणाला, तुमच्या म्होरं कसं बोलायचं. आबांनी मान माझ्याकडं वळवली. मी त्यांचा राग पुष्कळ पाहिलाय, लहानपणी खाल्लाही आहे. हा राग नव्हता. मी आयुष्यात त्यांना असं बघितलं नव्हतं.

"आन् तू," ते म्हणाले. "तिकडं शाळंत एसटीनं उतरू म्हणालीस, तवाच तुला समजलं हुतं. आन् तरी पोरीला मागं बसीवलीस."

मी म्हटलं, आबा, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

"वाटलं आसतं," ते म्हणाले. "चार दिस वाटलं आसतं. माझा मान राखायला पोर घाटात घातली तुमी."

मिस्त्री दोर बांधायला गाडीखाली शिरला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथंच राहिला. लेक माझ्या कुशीत येऊन बसली. सोळा वर्षं मी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलत आलेय, पण त्या दुपारी आबांना द्यायला माझ्यापाशी एक शब्द नव्हता. अजूनही नाही.